पिवळ्या सफरचंदांचा केक

सदाशिव निरोप घेऊन आला तेव्हा आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. "रंगाअण्णांना दवाखान्यात आणलंय, हितंच, मिरजेत," तो म्हणाला. आत्यांचा हात थांबला नाही. एक खडा काढून त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकला आणि मला म्हणाल्या, "चहा ठेव गं ह्याला. लांबून आलाय."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची पद्धत. सदाशिव हा आत्यांच्या माहेरच्या भावकीतला, आणि रंगाअण्णा म्हणजे आत्यांचे सख्खे धाकटे भाऊ, आमच्या ह्यांचे मामा. चहा पिता पिता सदाशिवनं सगळं सांगितलं. गोठ्यात शेणावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले, आणि दातांची कवळी तोंडातून उडून दगडावर पडली ती फुटली. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लगेच करू, पण रंगाअण्णा काही हो म्हणेनात. रोज म्हणतात, उद्या बघू. वय झालेलं, हाड मोडलेलं, असा माणूस किती दिवस नुसता झोपवून ठेवायचा? आत्यांनी हे सगळं ऐकलं आणि तांदळाचं ताट घेऊन आत गेल्या.

दवाखाना कुठला म्हणाल, तर आमच्या गच्चीवर उभं राहिलं की त्याच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या दिसत. दांडीवर वाळत घातलेले पंचे कुणाचे ते ओळखू येईल इतका जवळ.

ज्यांनी मिरज पाहिलेली नाही त्यांना सांगते, गावात पावलोपावली दवाखाने, आणि आमचं घर त्यांच्या अगदी मध्यात. माहेरचे, सासरचे, शेजारच्या गावचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, कुणाचाही पेशंट आला की त्याच्याबरोबरची माणसं उतरायला आमच्याकडे. मी कोल्हापूरहून लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मला घरातली माणसं कोण आणि पाहुणी कोण तेच कळत नव्हतं. आणि सफरचंदं! पेशंटला बघायला जाताना सफरचंदं न्यायची हा नियम कुणी केला देव जाणे. पेशंटला ती खाववत नसत, त्याच्या माणसांना कंटाळा आलेला असे, शेवटी पिशव्या आमच्या स्वयंपाकघरात येत. तिथून त्यातलीच दुसऱ्या पेशंटला जात. एकच सफरचंद दोन-तीन दवाखाने फिरून आलंय हे मी शपथेवर सांगू शकते.

आता भांडणाचं सांगायला हवं. ऐकून हसाल, पण हसू नका.

रंगामामांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मानकऱ्यांना फेटे बांधायचा कार्यक्रम चालला होता. व्याही झाले, चुलते झाले, गावचे पाटील झाले, तालुक्याहून आलेला कुणी साहेब झाला. मामंजी पहिल्या रांगेत बसून होते, आणि फेटे संपले. नवऱ्या मुलीच्या सख्ख्या आत्याचा नवरा, घरचा जावई, आणि त्याचं डोकं तेवढं राहिलं. मामंजी स्वभावानं मोकळे. ते म्हणाले, मला टोपी आहे की. पण आत्या उठल्या. पंगत बसायच्या आत नवऱ्याला घेऊन एस. टी. स्टँडवर गेल्या आणि उपाशीपोटी मिरजेला आल्या. त्यानंतर माहेरच्या उंबऱ्याला पाय नाही. भाऊबीज बंद, राखी बंद. रंगामामा एकदा समजूत काढायला आले तर दाराला आतून कडी. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मग मामंजी गेले. त्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. मी तेव्हा घरात नवीन होते, पण ते दिवस मला चांगले आठवतात. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. ज्यांच्याशी बांधावरून वाद होता तेसुद्धा आले. रंगामामा आले नाहीत. आत्या रडायच्या थांबल्या की तेवढं एकच बोलत. सगळं गाव आलं, माझा सख्खा भाऊ आला नाही. आणि पुढे म्हणत, आता कुणाच्या डोक्याला बांधणार फेटा.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. मामंजींच्या खाटेजवळ एक कागदी पिशवी सापडली, त्यात पिवळी सफरचंदं. कुणी ठेवली ते कुणालाच माहीत नाही. नर्स म्हणाली, एक माणूस देऊन गेला, नाव नाही सांगितलं. आत्यांनी ती पिशवी घरी आणली, कोनाड्यात ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही. सफरचंदं सुकली, सुरकुतली, तरी टाकू देईनात. आणि जो भेटेल त्याला विचारायच्या, तुम्ही आणली होती का पिवळी सफरचंदं? तेराव्याला आलेल्यांना विचारलं, लग्नाकार्यात भेटलेल्यांना विचारलं, भाजीबाजारात विचारलं. आमचे हे एकदा चिडले, म्हणाले, आई, कोण काय घेऊन आलं त्याचा एवढा हिशोब कशाला? पण आत्यांनी पुढच्या भेटलेल्या माणसाला पुन्हा विचारलंच. आम्हाला वाटलं, दुःखानं डोक्यात काहीतरी धरून बसल्यात. वर्ष उलटलं, तसं आम्ही लक्ष देणं सोडलं.

तर सदाशिव निघून गेला आणि दुपारी जेवणं झाल्यावर आत्या भिंतीकडे बघत मला म्हणाल्या, "तू जाऊन ये. सून म्हणून जायचं. माझं नाव काढायचं न्हाई."

"काय घेऊन जाऊ?"

"जे सगळे नेतात ते ने."

मी घरातली तांबडी सफरचंदं पिशवीत घातली आणि गेले.

रंगामामा खाटेवर उताणे, पाय वजनाला बांधलेला, डोक्याला पांढरं बँडेज गुंडाळलेलं, आणि दात नसल्यानं गाल आत गेलेले. त्यांना मी त्याआधी एकदाच, माझ्या लग्नात, मांडवाच्या मागं उभं असलेलं पाहिलं होतं. जेवायला थांबले नव्हते. खाटेखाली, खिडकीत, लोखंडी कपाटावर, सगळीकडे सफरचंदांच्या पिशव्या. माझी पिशवी बघून मामी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून हसायलाच लागली. म्हणाली, कवळी फुटल्याचं सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, आणि जो येतो तो सफरचंदं घेऊन येतो.

रंगामामांनी मला ओळखलं. त्यांनी आधी आमच्या ह्यांची चौकशी केली, मग घराची, मग म्हशीचं विचारलं. म्हैस आम्ही कधीच विकली होती. मला कळत होतं, त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. शेवटी म्हणाले, "आक्का बरी हाय?"

"बऱ्या आहेत."

"गुडघं दुखतात का तिचं?"

"जिना चढताना दुखतात."

"दुसराच मजला हाय हा," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

मामीनं मला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. ऑपरेशनला ते तयार होत नाहीत ते भीतीनं नाही. आक्का आल्याशिवाय टेबलावर चढणार नाही असं मनात धरलंय. तोंडानं बोलत नाहीत, पण रोज दारावर नजर. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस असेच काढलेत तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल, मग ऑपरेशनही करता येणार नाही. आणि खाणंही सोडल्यासारखं झालंय. शिरा, पेज, मऊ भात खाऊन विटलेत. मामी म्हणाली, नातवाच्या वाढदिवसाला तालुक्याहून केक आणला होता, तो तेवढा मागून मागून खाल्ला होता. एवढं ऐकल्यावर मी म्हटलं, केक मी करून आणते, घरी ओव्हन आहे.

निघताना रंगामामांनी खिडकीतली एक पिशवी मला न्यायला लावली. म्हणाले, तुझी तांबडी ठेव हितं, ही पिवळी घेऊन जा. तांबडी नुसती दिसायला. पिवळी शिजली की लोण्यासारखी होतात. मामीनं पुढे जोडलं, दात दुखायला लागल्यापासून ह्यांना पिवळ्याशिवाय दुसरं चालत नाही, बाजारात ती नसली तर रिकाम्या हातानं घरी येतात.

घरी आले आणि पिशवी ओट्यावर रिकामी केली. आत्या कणीक मळत होत्या. त्यांनी सफरचंदांकडे बघितलं, कणकेचा हात तसाच पदराला पुसला, जे त्या कधी करत नसत, आणि एक सफरचंद उचलून नाकाशी धरलं.

"ही कुणी दिली?"

"रंगामामांनी. म्हणाले, तांबडी नुसती दिसायला."

"कुणी आणून दिलेली असतील त्याला."

मी मामीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आत्यांनी पुन्हा विचारलं, कधीपासून म्हणाली? मी म्हटलं, दात दुखायला लागल्यापासून, म्हणजे चार-पाच वर्षं तरी झाली असतील. आत्या पाटावर बसल्या. बराच वेळ ते सफरचंद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, भावाच्या आठवणीनं गलबलून आलं. पोळ्या मीच लाटल्या.

केकचं मी भीतभीतच काढलं. ओव्हन माझ्या मावशीनं लग्नात दिलेला. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला बघायला काच, खाली वायरची कॉइल. माझ्या मावशीचं म्हणणं, गृहविज्ञान शिकलेल्या मुलीला भांडी कसली देताय. पण आत्यांनी पहिल्याच आठवड्यात तो माळ्यावर टाकायला लावला होता. आपल्या घरात अंडं येत नाही, मग ह्याचं काम काय? आत्यांच्या गळ्यात माळ होती, त्यामुळं अंड्याचा विषयच नव्हता. मी म्हटलं, आत्या, अंडं न घालता करते, दही घालून, आणि सफरचंद शिजवून घातलं की केक मऊ होतो.

त्या म्हणाल्या, "काढ ते तुझं धूड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढून ओव्हन काढला, धूळ पुसली, कॉइल लाल होते का बघितलं. झाली. मग सफरचंदं चिरायला बसले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात माझ्याकडे पाठ करून बसल्या, समोर अंगणात बघत. जसं काही त्यांचा ह्या प्रकाराशी संबंधच नाही.

मी सालासकट फोडी करत होते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, सालात सत्त्व असतं.

"साल काढ," आत्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"सालात जीवनसत्त्वं असतात, आत्या."

"त्याच्या घशात साल अडकते. ल्हानपणी पेरूच्या सालानं डोळं पांढरं केलं होतं."

मी साली काढल्या. त्यांना त्या कशा दिसत होत्या देव जाणे, पण एका फोडीला थोडी साल राहिली तर लगेच म्हणाल्या, ती बघ. मग फोडी बारीक करायला लावल्या. तुपावर टाकून, झाकण ठेवून, साखर घालून मी त्या शिजवल्या. रवीनं घोटायलाही त्यांनीच सांगितलं. अर्ध्या घोटल्या, अर्ध्या तशाच ठेवल्या. मैदा चाळला, सोडा आणि बेकिंग पावडर घातली, दही-साखर-लोणी फेसलं. मी वेलदोड्याचा डबा काढला, तर आत्या उठून आल्या, डबा परत ठेवला आणि जायफळ किसायला बसल्या. त्याला वेलदोडा आवडत नाही, म्हणाल्या. इतक्या वर्षांत भावाचं नाव घेतलं नव्हतं आणि आता दर वाक्यात तो. नाव मात्र अजून घेत नव्हत्या, नुसतं त्याला आणि तो.

आई गेली तेव्हा रंगामामा रांगत होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आत्यांनीच सांगितलं, जायफळ किसता किसता. तेव्हा त्याही लहानच, परकर नेसणाऱ्या. भाकरी दुधात कुस्करून, पाट्यावर वाटून, बोटानं त्याला भरवायच्या. दात यायला उशीर झाला होता त्याला. "आला कसा आणि चालला कसा, बिनदाताचाच," त्या म्हणाल्या, आणि जायफळ ठेवून दिलं.

भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. आम्ही दोघी झाकणाच्या काचेतून बघत बसलो. केक हळूहळू वर यायला लागला, कडेनं रंग धरायला लागला, आणि वीज गेली. दुपारपर्यंत आली नाही. आत्यांनी वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला तर रडूच आलं. एवढं सगळं करून मध्येच सगळं पाण्यात. मी झाकण उघडून बघणार, तर त्यांनी माझा हात धरला. ऊब आत राहू दे म्हणाल्या, आणि ओव्हनवर जुनं घोंगडं टाकलं.

वीज आली तेव्हा केक मध्ये खड्डा पडून बसला होता. तो पुन्हा भाजून घेतला. कडा खरपूस झाल्या, मधला भाग ओलसर, दाट, शिऱ्याच्या वडीसारखा. मी म्हटलं, आत्या, हा काही नेण्यासारखा झाला नाही, दुसरा करू. आत्यांनी मधला एक तुकडा काढला, फुंकर घातली, आणि तोंडात टाकला. चावला नाही. जबडा न हलवता नुसता जिभेनं टाळूला दाबून, डोळे मिटून बसल्या. त्यांचे सगळे दात शाबूत होते. मग गिळला आणि म्हणाल्या, "जमतंय. कडा काढून टाक."

मी कडा कापल्या, मधला भाग डब्यात भरला, आणि चप्पल घालायला गेले. मागनं आवाज आला, थांब.

आत्या आत गेल्या आणि लुगडं बदलून आल्या. निळं इरकली, मामंजी गेल्यापासून ट्रंकेतून बाहेर न काढलेलं. केस नीट बसवलेले. डबा माझ्या हातातून घेतला आणि माझ्या पुढे चालायला लागल्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्या मागे फिरल्या असत्या अशी माझी खात्री होती.

दवाखान्याच्या जिन्यात, पहिला मजला संपतो तिथं, त्या थांबल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. गुडघे दुखत असतील म्हणून मी त्यांचा दंड धरला. त्या वर बघत होत्या, तिसऱ्या मजल्याकडे. मग म्हणाल्या, चल.

रंगामामांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या पुढच्या बाईला. उठायचा प्रयत्न केला, पाय बांधलेला होता. मामी भिंतीला टेकून उभी राहिली. आत्या खाटेजवळ गेल्या आणि त्यांच्या डोक्याच्या बँडेजकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सगळं बाहेर काढतील.

"फेटा चांगला बांधलाय की तुला," आत्या म्हणाल्या.

रंगामामांचं बिनदाताचं तोंड थरथरलं. "दाजींचा ऱ्हायला होता," ते म्हणाले. "माझ्या डोक्याला येऊन बसला."

आत्या स्टुलावर बसल्या. डबा उघडला, मामीकडून वाटी मागून घेतली, केकचा तुकडा बोटांनी कुस्करला, वर दूध घातलं आणि पुन्हा कुस्करला. चमचा मामीनं पुढे केला होता, तो घेतला नाही. बोटांनीच घास भरवला. रंगामामांनी लहान मुलासारखा आ केला आणि खाल्ला. दुसरा घास, तिसरा घास. दूध हनुवटीवर ओघळलं ते आत्यांनी पदरानं पुसलं.

"साल न्हाई," रंगामामा म्हणाले. "जायफळ घातलंस." माझ्याकडे बघून हसले. "हिनं केलाय व्हय? आणि तू मागं उभी ऱ्हाऊन सांगत होतीस."

"पाठ करून बसले होते," आत्या म्हणाल्या. मग वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "रंगा, पिवळी सफरचंदं तू आणली होतीस?"

मामीला काही कळलं नाही. मला कळलं.

रंगामामांनी मान हलवली.

"मग वर का आला न्हाईस?"

"आलो होतो," रंगामामा म्हणाले. "जिन्यापर्यंत आलो होतो. वरनं तुझा आवाज आला. कुणाला तरी सांगत होतीस, तो आला तर त्याला दारातनं हाकलून देईन, माझ्या मालकाचं तोंड बघू देणार न्हाई. मी तिथंच बसलो पायरीवर. मग पिशवी त्या नर्स पोरीपाशी दिली आणि गेलो."

"मी बोलणारच रे," आत्या म्हणाल्या. "मी बोलणारच. मी बोलले म्हणून तू जायचं व्हय?"

रंगामामांनी हात पुढे केला. तो आत्यांनी धरला. दोघंही रडत होते, मोठ्यानं, लाज न बाळगता, आणि बाजूच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मग आत्यांनी मामंजी गेले त्या दिवसाचं सांगितलं. त्या दुपारी मला त्यांनी डबा आणायला घरी पाठवलं होतं. मामंजींनी दोन दिवस काही घेतलं नव्हतं. त्या एकट्याच होत्या. उशाशी पिशवी दिसली, कुणाची ते ठाऊक नाही, त्यातलं एक सफरचंद काढलं. पिवळं, मऊ होतं. पेल्याच्या कडेनं खरवडून खरवडून त्यांनी मामंजींच्या जिभेवर ठेवलं. मामंजींनी ते सगळं खाल्लं आणि म्हणाले, गोड आहे, कुणी आणलं?

"मला सांगता आलं न्हाई," आत्या म्हणाल्या. "संध्याकाळी ते गेले. त्यावर पाणीसुद्धा घेतलं न्हाई त्यांनी. मग मी सगळ्यांना विचारत सुटले. ज्याच्या हातचं शेवटचं खाल्लं, त्याला मी सांगायला नको? सगळ्या गावाला विचारलं, तुला तेवढं विचारायचं ऱ्हायलं."

ऑपरेशन चांगलं झालं, हे इथंच सांगून टाकते. त्याच संध्याकाळी रंगामामांनी मामीला सांगितलं, सिस्टरला सांग, उद्याचं नक्की. पुढे काठी टेकत का होईना, पुष्कळ वर्षं चालले. त्या दिवाळीत भाऊबिजेला आत्या केकचा डबा मांडीवर घेऊन एस. टी.नं माहेरी गेल्या. आता आत्याही नाहीत आणि रंगामामाही नाहीत. केक मी अजून करते, आता मोठा ओव्हन आहे, वीज गेली तरी इन्व्हर्टर आहे. तरी तो मध्ये थोडा बसलाच पाहिजे, नाहीतर घरात कुणाला आवडत नाही.

पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. दवाखान्यातून आम्ही घरी आलो. मी ओव्हन पुसून माळ्याखाली शिडी लावली, तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे तिथंच ओट्यावर, कशाला सारखं चढउतार. मग केकच्या कापून ठेवलेल्या कडांमधला एक तुकडा त्यांनी वाटीत घेतला आणि पुढच्या खोलीत गेल्या. दिवेलागणीची वेळ होती. मी उदबत्ती घेऊन मागनं गेले, तर त्या मामंजींच्या फोटोसमोर वाटी ठेवून उभ्या होत्या.

"रंगानं आणली होती," त्या फोटोला सांगत होत्या. "तुम्ही विचारलं होतं न्हवं, कुणी आणलं. आपल्या रंगानं."